तहानलेला मुराळी

मोठ्या मामाने आमच्या भुसावळच्या घराची बेल आयुष्यात कधी वाजवली नाही. तो फाटकाबाहेर येऊन नुसता उभा राहायचा. पांढरा लेंगा, गुडघ्यापर्यंतचा सदरा, डोक्यावर टोपी आणि भर मे महिन्यातही काखेत मिटलेली छत्री. डोक्यावर ऊन मी म्हणत असायचं, पण छत्री उघडायची नाही आणि हाकही मारायची नाही. बहुतेक वेळा समोरच्या काकूच ओरडायच्या, "अहो, तुमचे ते मामा उभे आहेत बघा कधीचे!" मग आई हातातलं काम टाकून धावायची. मामा तिच्याकडे न बघता, घराच्या भिंतींना सांगावं तसं म्हणायचा, "बायेला न्यायाला आलो."

लग्नकार्याला माहेरहून लेकीला न्यायला माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात, हे आता सांगावं लागतं. माझ्या आईचं माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. त्या घरातल्या झाडून साऱ्या लेकींचा मुराळी म्हणजे मोठा मामा. त्याने स्वतः लग्न केलं नाही. शेतीत त्याचं फारसं लक्ष नव्हतं, ती धाकटा मामा बघायचा. पण भावकीत कुठे हळद ठरली, बारसं ठरलं, की मोठा मामा छत्री घेऊन निघाला. मुरबाडकडची पोरगी आण, भिवंडीकडची आण, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत लांबची, भुसावळची माझी आई. घरात कोणी त्याला चिडवलं की दुसरा काही उद्योग नाही का, तर म्हणायचा, "उद्योग कोनी बी करंल. बाय कोन आनंल?"

येण्याआधी कळवायचं नाही हा एक नियम. आमच्याकडे फोन आला, पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आले, पण मामाने कधी फोन कानाला लावला नाही. "फोनवर आवाज येतो, मानूस नाय येत," एवढंच त्याचं म्हणणं.

दुसरा नियम मात्र जीव खाणारा होता. बहिणीच्या दारात आला, की ती पिशवी भरून निघायला तयार होईपर्यंत तो पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. भुसावळचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. रात्रभर एसटीने आलेला माणूस, ओठ वाळलेले, आणि समोर माठातल्या पाण्याचा तांब्या धरला तर मान फिरवायचा. "पिशवी भरू दे."

आमचे वडील रेल्वेत. शिस्तीचे. ते वैतागायचे. "अहो, पाणी प्या, दोन दिवस राहा, मग न्या." मामा पायरीवरून हलायचा नाही. मग घरात जी पळापळ व्हायची! आई रडकुंडीला येऊन हाताला लागेल ते पिशवीत कोंबायची, कारण प्रत्येक मिनिट म्हणजे भावाच्या घशाला कोरड. त्यामुळे आजोळच्या प्रत्येक लग्नात आमचं काहीतरी राहिलेलं असायचं. एकदा माझा परकर आला पण पोलकं राहिलं. एकदा आईने आहेराचं लुगडं म्हणून जे काढलं तो आमच्या खिडकीचा पडदा निघाला. लहानपणी मला मामाचा भयंकर राग यायचा. एकदा वडिलांनी युक्ती केली. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं भरली आणि "झाली हो तयारी" म्हणून समोर ठेवली, म्हणजे हा पाणी पिईल आणि बाकीचं सावकाश भरता येईल. मामाने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि पायरीवरून उठून फाटकाबाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. वडिलांनी पुन्हा तसला प्रयोग केला नाही.

वडिलांचं दुसरं दुःख म्हणजे एसटी. रेल्वेवाल्याचं कुटुंब, घरात पास, आणि आम्ही धुळे-नाशिक करत लाल गाडीतून हाडं खिळखिळी करून घेत शहापूरला उतरायचो. मामा रेल्वेत बसायचा नाही. "रेल्वे कोनासाठी थांबत नाय. एसटीला हात केला का थांबते." ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची, आईची पिशवी मांडीवर घ्यायची, वर फळीवर ठेवायची नाही, आणि आख्ख्या प्रवासात बोलायचं नाही. कसारा घाट उतरला की आईची भाषा बदलायची. भुसावळात "नाही" म्हणणारी माझी आई घाटाखाली "नाय गो" म्हणायला लागायची आणि तिचा चेहराही पोरीसारखा व्हायचा. मामाला ते दिसत असावं, कारण तो त्या वेळी एकदाच मागे वळून बघायचा.

गावात शिरताना तो पुढे, पिशवी त्याच्या खांद्यावर, आम्ही मागे. अंगणाच्या तोंडाशी थांबून ओरडायचा, "बाय आनली रे!" मग मामी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर यायची. पायावर पाणी, तुकडा ओवाळून लांब फेकायचा. यातही त्याचं शास्त्र. आधी मुराळ्यावरून, मग बाईवरून. एरवी स्वतःसाठी ताटात चटणी मागायला लाजणारा हा माणूस इथे मात्र मान पुढे काढून, डोळे मिटून उभा राहायचा. "रस्त्यातला सगला आधी मुराल्याला लागतो," म्हणायचा. "त्याचा उतरवला का बाय सुखरूप."

हे सगळं वेड कुठून आलं ते मला आईने सांगितलं, मी बरीच मोठी झाल्यावर.

त्यांची एक थोरली बहीण होती. मुरबाडच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला दिलेली. घरात कोणाचं तरी लग्न निघालं तेव्हा तिला आणायला मामा गेला. मिसरूड नुकतं फुटलेलं, पहिल्यांदाच मुराळी म्हणून निघालेला. सासरच्यांनी त्याचं फार कौतुक केलं. चहा दिला, जेवायला कोंबडी केली, खाटेवर झोपवला. संध्याकाळी म्हणाले, सध्या कामं आहेत, परवा आम्हीच आणून सोडतो. हा पोटभर जेवलेला, संकोचलेला. बहीण दाराआडून बघत होती. त्याला वाटलं, तिला ताप असल्यासारखं दिसतंय. पण ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याशी भांडायचं कसं? तो एकटाच परत आला. लग्नाच्या दिवशी तिची वाट बघत होते, तर ती गेल्याचा निरोप आला. ताप डोक्यात गेला म्हणाले.

त्यानंतर मामाने चहा सोडला तो कायमचाच. आणि बहिणीच्या दारी पाणीही. "पानी प्यालो का मी पावना झालो," असं तो एकदा आईला म्हणाला होता. "पावन्याला उद्या-परवा सांगता येतो. तहानलेल्या मानसाला कसा सांगतील?"

आणि ते खरंच होतं. मुरबाडकडे दिलेल्या एका चुलत मावशीची सासू महावस्ताद. कापणी आटपल्याशिवाय सुनेला धाडणार नाही म्हणाली. मामा अंगणात बसला. पाणी नको, सावली नको. दुपार झाली तशा पाणवठ्यावर जाणाऱ्या बाया थांबून विचारायला लागल्या, हा कोण बसलाय, असा का बसलाय. सासू आधी चिडली, मग घाबरली. दारात पाहुणा मेला तर सात पिढ्यांना नाव ठेवतील. संध्याकाळ व्हायच्या आत मावशी पिशवी घेऊन एसटीत बसली होती. ही गोष्ट आम्ही हसत हसत सांगायचो. मला आता त्यात हसण्यासारखं काय होतं ते आठवत नाही.

मामाची आणखी एक म्हण होती, म्हणजे गावचीच असेल, पण मी ती त्याच्याच तोंडून ऐकली. "लग्नाला न्यायाला यावा लागतो. मयताला आपल्या पायानी जावा."

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मामाच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी मुरबाडकडची. पत्रिका मोबाइलवर आली, त्यात गणपती हलत होता आणि सनई वाजत होती. मागोमाग धाकट्या मामाचा फोन. "बाये, दादा आता कुठं येतो? गुडघे गेले त्याचे. मी त्याला सांगितलाय, कुठं जायाचा नाय म्हनून. तुमी आपली ट्रेननी या, आसनगावला गाडी पाठवतो."

वडील जाऊन काही वर्षं झाली होती. घरात मी आणि आई. मी लगेच तिकिटं काढली. आई मात्र रोज दुपारी फाटक दिसेल अशी खुर्ची टाकून बसायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "एक दिवस थांबू या का?" मी म्हटलं, "अगं, परवा हळद आहे. मामाला आता चालवत नाही, ऐकलंस ना?" तिने पिशवी भरली. या वेळी पहिल्यांदाच नीट, घड्या घालून. काही म्हणता काही राहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही पोचलो. आसनगावला गाडी होती, एसी लावलेला होता. धाकट्या मामाने नवं स्लॅबचं घर बांधलंय, त्यावर दिव्यांच्या माळा, अंगणात मांडव, डीजेच्या भिंती उभ्या. मामीने भाकरतुकडा ओवाळला. आईने अंगणभर बघितलं.

"दादा कुठाय?"

"सकालपासना नाय," धाकटा मामा म्हणाला. "आसंल कुठं किन्हवलीला. येल."

आईने पडवीत जाऊन खुंटी बघितली. छत्री नव्हती. ती तिथेच जमिनीवर बसली.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, हळद लागत असताना. समोरच्या काकू. "अहो, तुमचे भाऊ आलेत. रात्री एसटी स्टँडवर झोपले म्हणे. मी सांगितलं, त्या लग्नाला गेल्या. तर पायरीवर बसलेत. पाणी घेत नाहीत हो. काय करू?"

आईच्या गालाला कोणीतरी हळद लावलेली होती. ती फोन घेऊन मांडवामागे गेली, डीजेपासून लांब, आणि ओरडली, "दादा, मी हिकडं आलेय रे. घरीच आलेय. तू पानी पी आन् परत ये!"

काकूंनी फोन त्याच्यासमोर धरला असावा. त्याचा आवाज लांबून, शांत आला. तो काकूंशी बोलत होता. "बंद करा तो. बाय हितना माझ्यासंगती निघंल, तवा पिईन."

धाकटा मामा म्हणाला, "हट्टी हाय तो. दुपारपरत तहान लागंल, पिईल. उद्या लगीन हाय, तू कुठं चाललीस?"

"तो नाय पिनार," आई म्हणाली. तिने पिशवी उचलली. ती उघडलीही नव्हती.

कल्याणपर्यंतची गाडी, मग ट्रेन. मनमाडनंतर खिडकीतून आगीसारखा वारा येत होता. मी काकूंना सारखा फोन करत होते. नाही घेतलं. अजून नाही. डोक्यावर ओला पंचा टाकला, तेवढं चालवून घेतलं. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला होता की रडू येत होतं. आणि तो मेला तर आईचं काय होईल, हे डोक्यातून जात नव्हतं.

ऊन कलल्यावर आम्ही फाटकाशी पोचलो. तो पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा. छत्री मिटलेली, मांडीवर. आईला बघून त्याने सावरून बसायचा प्रयत्न केला.

"कुठं गेल्तीस?"

"बाजारात गेल्ते," आई म्हणाली.

त्याने तिच्या गालाकडे पाहिलं. दिवसभराच्या घामाने हळद मानेपर्यंत ओघळली होती. मग पिशवीकडे बोट केलं.

"भरलीस?"

"भरली."

"मंग दे पानी. आन् तोंड धू. निघायाचा हाय."

आईने त्याला भांड्याने नाही, ओंजळीने पाणी पाजलं, लहान मुलाला पाजतात तसं.

निघायचं कुठलं! रात्रभर सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या वयात मूत्रपिंड असा ताण सोसत नाही, चार दिवस हलवू नका. तिकडे लग्न लागून गेलं. आम्ही ते माझ्या मोबाइलवर बघितलं, म्हणजे मी बघितलं. आई आणि मामा त्या वेळी पंख्याकडे बघत होते. जरा उभं राहता यायला लागल्यावर त्याने टोपी मागितली. मी ट्रेनसाठी भांडले. आई म्हणाली, "एसटीनीच जायाचा." त्या प्रवासात पिशवी त्याच्या मांडीवरून सारखी घसरत होती. हातात जोरच नव्हता. मी दोनदा घेऊ गेले, त्याने दिली नाही. घाट उतरल्यावर तो मागे वळला, आणि आईने, जिच्या माहेरचं लग्न ह्या वेळी तिच्याविना लागून गेलं होतं, त्याच्यासाठी हसून दाखवलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. मांडवाचे बांबू सोडवून अंगणात टाकलेले. लग्नाच्या शिणाने सगळं घर झोपलेलं. मामा अंगणाच्या तोंडाशी थांबला, दम घेतला आणि ओरडला, "बाय आनली रे!" तो आवाज ओट्यापर्यंतही पोचला नसेल. त्याने पुन्हा हाक दिली. मग दार उघडलं. कडक घडीची साडी, कोपरापर्यंत मेंदी, नवी सून.

"कोन पायजे तुमाला?"

तिचा काय दोष? ती या घरात येऊन चार दिवस झाले होते. सासऱ्याचा मोठा भाऊ तिने डोळ्याने पाहिला नव्हता. पण आई ज्या घरात जन्मली त्याच्या अंगणात तिला हे ऐकावं लागलं, आणि मामाचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठववत नाही. खांद्यावरची पिशवी त्याने खाली ठेवली. पोरीवर रागावला मात्र नाही.

"घरची बाय आनलीय, गो. पानी आन आन् भाकरीचा तुकडा आन."

भाकरी नव्हती. आदल्या दिवशीच्या पूजेच्या केटरिंगची उरलेली पुरी होती. पोरीने घाबरत तिचा तुकडा घेतला आणि आईकडे वळली, तर मामा म्हणाला, "अशी नाय. आधी मुराल्यावरना, मंग बायेवरना. ध्यानात ठेव. उद्या तुला बी कोनी तरी आनंल." आणि मान पुढे काढून त्याने डोळे मिटले.

तो पुन्हा नीट उठला नाही. पावसाळाभर पाय सुजलेले, शहापूरच्या दवाखान्यात खेपा. धाकटा मामा म्हणतो वय झालं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले. आईचं मत वेगळं आहे. "मी एक दिवस थांबले असते तर," एवढंच ती म्हणते. तिकिटं मी काढली होती.

गौरी-गणपती झाले आणि एका पहाटे धाकट्या मामाचा फोन आला. तो लहान मुलासारखा रडत होता. "बाये, दादा गेला गो. मी येऊ का तुला न्यायाला?"

"मयताला न्यायाला येत नसतात," आई म्हणाली. "मी येतेय. त्याला थांबवा."

वाटेत मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने मान फिरवली. "पोचू दे."

अंगणात माणसं होती. मोठ्या मामाला ओट्यावर ठेवलं होतं, डोक्याला टोपी. आई पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन अंगणाच्या तोंडाशी थांबली. तिच्यापुढे कोणी नव्हतं. हाक द्यायलाही कोणी नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिचा पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात घरातून ती सून धावत आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा. तिला शिकवलेलं तिने बरोबर ध्यानात ठेवलं होतं. बाया एकदम अंगावर ओरडल्या, "अगो, मयत हाय घरात! याड लागला का?" पोरगी जागच्या जागी थिजली. तुकडा लपवायला तिला जागा सापडेना.

"थांबा," आई म्हणाली. "ओवालू दे तिला."

पोरगी आईकडे यायला लागली. आईने मान हलवली आणि ओट्याकडे बोट केलं.

"आधी मुराल्यावरना."

पोरीने ओट्यावर जाऊन त्याच्या पायांवर पाणी घातलं, मिटलेल्या डोळ्यांवरून तुकडा ओवाळला. मग ती आईकडे आली आणि तिच्यावरून ओवाळला. आईने पिशवी खाली ठेवली, तांब्यात उरलेलं पाणी मागून घेतलं आणि तिथेच उभ्याने प्यायली.